आल्यानं सोसायटी नासवली

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे कुणाला बोलू नका. आमच्या कामोठ्यात सध्या जे चाललंय, ते चांगल्या घरातल्या माणसांनी कानावरसुद्धा घेऊ नये. पळून जाणं नाही, पार्किंगवरून हमरीतुमरी नाही. त्याची आम्हाला सवय आहे. यावेळी भानगड स्वयंपाकघरातून निघालीये. जे आलं भाजीवाला कोथिंबिरीच्या जुडीबरोबर पिशवीत वरून टाकायचा, ज्याचे वेगळे पैसे मागायची त्याला लाज वाटायची, त्या आल्यानं अख्खी सोसायटी नादाला लावली आहे. आता ते काट्याशेजारी वेगळ्या टोपलीत बसतं आणि त्याला हात लावला तर भाजीवाला आधी आपल्या तोंडाकडे बघतो.

सुरुवात बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर झाली म्हणतात. (आमच्याकडे सगळ्याची सुरुवात बी विंगमध्येच होते. आम्ही ए विंगवाले.) तिथल्या नव्या सुनेचा मिक्सर पहाटे सहाला फिरायला लागला. लोकांना वाटलं, डब्याची चटणी असेल. चांगली आहे हो पोरगी, पहाटे उठून चटणी वाटते! पण सासऱ्यांनी एके दिवशी जे पाहिलं, त्यानं त्यांचा पेपर हातातून गळाला. सून ओट्याशी उभी. हातात काचेचा छोटा ग्लास. तिनं तो एका दमात रिकामा केला, डोळे गच्च मिटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि वर ‘हाऽऽ’ असा लांब श्वास सोडला. सकाळचे साडेसहा! सासऱ्यांनी थेट देवघर गाठलं. मग चौकशीअंती कळलं की त्याला ‘जिंजर शॉट’ म्हणतात. आल्याचा रस, लिंबू, ओली हळद, चिमूटभर मिरपूड. सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. पण बघा संगतीचा परिणाम, आता दोन ग्लास लागतात. दुसरा सासऱ्यांचा. आणि ‘हाऽऽ’ त्यांचा जास्त मोठा असतो, खाली आम्हाला ऐकू येतो.

तिथून साथ पसरली. पनवेलहून निम्मी भरूनच येणारी सकाळची सीएसएमटी लोकल मानसरोवरला आली की लेडीज डब्यात पूर्वी खिडकीच्या जागेवरून वाद व्हायचे. आता काय विचारतात, माहीत आहे? ‘तुझं किती एमएल?’ अगं बाई! भरल्या डब्यात! एक म्हणते तीस, दुसरी म्हणते पन्नास, तिसरी पर्समधून बाटलीच काढते. बेलापूर येईपर्यंत डब्याला असा वास येतो की वाटावं, कुणाच्या घरी मटणाला फोडणी बसलीये. एकीनं तर सांगितलं की ती आल्याचं पाणी केसांच्या मुळांना लावते. डोक्याला आग लागत नाही का, असं विचारलं, तर म्हणाली, ‘आग होते म्हणजे काम करतंय.’ या न्यायानं डोळ्यांत मिरची घातली तर चष्मा जायला हवा.

सोसायटीच्या ग्रुपबद्दल तर मी बोलणारच नव्हते. पण विषय निघालाच आहे. पूर्वी तिथे पाणी किती वाजता येणार एवढंच असायचं. आता पहाटे सुप्रभातच्या गुलाबाबरोबर आल्याचं चित्र येतं आणि खाली यादी. आल्यानं पोट उतरतं, साखर उतरते, कोलेस्टेरॉल उतरतं, ताप उतरतो. एवढं सगळं उतरवणारा दुसरा माणूस मी फक्त मूव्हर्स-पॅकर्समध्ये पाहिलाय. स्मरणशक्ती मात्र चढते. सी विंगचे भाऊ हा निरोप रोज पाठवतात. काल पाठवलेला त्यांना आठवत नाही.

वाईट याचं वाटतं की आलं हे मूळचं घरंदाज. त्याचं आयुष्य कसं मर्यादेत गेलं होतं! बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात सुंठ. रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळणा हलला की हातावर सुंठवडा: सुकं खोबरं, साखर, खसखस, वेलची आणि सुंठ. तिथे बाळंतपण कौसल्येचं आणि खुराक आपल्याला. गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री पुन्हा तेच, यावेळी देवकीच्या नावानं. एसटी स्टँडवर आलेपाकाच्या वड्या. वर साखर, आत ठसका. लग्नघरी जड जेवण झालं की आल्याचा रस, लिंबू, सैंधव आणि साखर घातलेलं पाचक, चमच्यानं. चमच्यानं, बरं का! ग्लासानं मागितलं असतं तर आजीनं पळी फेकून मारली असती.

आणि बाळगुटी. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, बदाम आणि सुंठ उगाळायची. प्रत्येकाचे वळसे ठरलेले. बदामाचे चार झाले तरी चालत. सुंठीचा एक म्हणजे एक. दुसरा वळसा घ्यायला हात गेला की शेजारची म्हातारी मनगट धरायची. (आताचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काहीच देऊ नका म्हणतात. त्यांचं ऐका. मी कौतुक करतेय ते मोजण्याचं.) त्या बायकांकडे ना वजनकाटा ना मापाचा ग्लास, पण सुंठ म्हटली की पहिला प्रश्न ‘किती?’ असायचा. आमच्या ग्रुपवर आल्याबद्दल सगळे प्रश्न विचारून झालेत. हा एक अजून कुणाला सुचलेला नाही.

मग हे घरंदाज पात्र बिघडलं कधी? माझ्या मते २०२० साली. त्या मार्चअखेरीस आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्या, असं सांगितलं. पुढे ‘आयुष क्वाथ’ म्हणून त्याचं मापही दिलं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. म्हणजे नऊ भागांत सुंठ दोनच. आमच्याकडे काय झालं? घरात कोंडलेली माणसं, हातात रिकामा वेळ आणि डोक्यात भीती. दोनाचे चार झाले, एकदाचं चारदा झालं. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी एवढा काढा प्यायला की करोना जवळ आला नाही हे खरं. पण छातीत अशी जळजळ उठली की रात्री अडीच वाजता मुलगा रिक्षा शोधत महामार्गापर्यंत धावला. निघाली ॲसिडिटी. डॉक्टरांनी विचारलं, काय घेता? काकांनी अभिमानानं यादी सांगितली. डॉक्टर म्हणे बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

आता खरी खमंग गोष्ट. ग्रुपवर एक संस्कृत श्लोक फिरतो. जेवणाआधी मीठ लावून आलं खावं, भूक लागते, तोंडाला चव येते, जीभ आणि घसा साफ होतो, अशा अर्थाचा. खाली ‘आपले ऋषिमुनी किती पुढे होते’ आणि हात जोडलेले सोळा. श्लोक खरा आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’तला. आमच्या तळमजल्यावर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. स्वभावानं गरीब, सोसायटीच्या सभेत फक्त वार्षिक हिशेबातल्या शुद्धलेखनावर बोलतात. त्यांनी एके दिवशी भीतभीत लिहिलं: ‘याच्या पुढचाच श्लोकही वाचावा.’

सगळ्यांना वाटलं, पुढे आणखी गुण असतील. गुरुजींनी अर्थ लिहिला आणि ग्रुपवर सुतक पडलं. त्याच ग्रंथात, तिथेच, आलं कुणी आणि केव्हा खाऊ नये याची यादी आहे. त्वचारोगात नको. पांडुरोगात नको. लघवीला त्रास होत असेल तर नको. रक्तपित्तात नको, जखमेत नको, अंगाची आग होत असेल तर नको. आणि, बसून घ्या, तापात नको! वर दोन ऋतूही वर्ज्य: उन्हाळा आणि शरद. म्हणजे एप्रिल-मे गेले आणि ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो तोही गेला. आता कामोठ्यात या दोन्हींखेरीज उरतं किती? पावसाळा आणि जानेवारीतले थोडे दिवस.

ज्यांनी ‘ऋषिमुनी किती पुढे’ लिहिलं होतं त्यांनीच तासाभरात लिहिलं, ‘जुन्या ग्रंथांचं सगळंच घ्यायचं नसतं.’ एका तासात भावमिश्र मागे पडले. सी विंगच्या भाऊंनी गुरुजींना खासगीत विचारलं म्हणे की तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात का. बिचारे दोन दिवस खाली फिरायला आले नाहीत. मला विचाराल तर सोसायटीत त्या दिवशी आयुर्वेद वाचणारा माणूस तो एकच होता. आणि शास्त्राचा अर्धाच श्लोक फिरवायचा, हे मला तरी चहात आलं घालून दूध न घालण्यासारखं वाटतं.

चीनमध्येही असाच एक शहाणा होऊन गेला. कन्फ्यूशियसच्या ताटात आलं कायम असायचं, असं त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवलंय, आणि लगेच पुढे हेही की तो फार खात नसे. हे कुणी फॉरवर्ड करणार नाही. यात ‘उतरतं’ असं काहीच नाही.

मग आलं नुसतंच बदनाम म्हणायचं का? नाही हो! त्याचं एक प्रकरण अगदी खरं निघालंय, आणि गंमत म्हणजे त्याबद्दल ग्रुपवर अक्षर नाही. ते प्रकरण आहे उलटीचं. आता हा विषय चारचौघांत काढणं बरं दिसत नाही, पण काय करणार, सत्य ते सत्य. १९८२ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, मॉवरी आणि क्लेसन या दोघांनी ३६ विद्यार्थी जमवले. एकजात गाडी लागणारे. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि तिरक्या खुर्चीत बसवून गरागरा फिरवायचं. हे विज्ञान बरं का, जत्रा नव्हे. काहींना आधी सुंठीची पूड दिली, काहींना मळमळीवरचं नेहमीचं औषध, काहींना नुसतीच एका रानटी पाल्याची भुकटी. जास्तीत जास्त सहा मिनिटं फिरवायचं ठरलं होतं. औषधवाला आणि भुकटीवाला, दोन्ही गटांतलं एकही पोर शेवटपर्यंत टिकलं नाही. सुंठवाल्यांतली निम्मी टिकली! ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे १९८८ मध्ये डेन्मार्कच्या ८० नौदल छात्रांपैकी काहींना भर समुद्रात एक-एक ग्रॅम सुंठ देऊन पाहिली. त्यांच्यात उलट्या आणि थंड घाम कमी दिसले. लगेच उड्या मारू नका, कारण नंतर खुर्च्या फिरवणाऱ्या दुसऱ्या काही संशोधकांना आल्याचा कसलाच प्रताप दिसला नाही. गाडी लागण्याच्या बाबतीत आल्याची अब्रू अशी अर्धी वर, अर्धी खाली आहे.

गरोदरपणाच्या मळमळीत मात्र त्याचं नाव बरंच स्वच्छ आहे. थायलंडमध्ये ७० गरोदर बायकांवर झालेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. दिवसाला एक ग्रॅम सुंठ, चार वेळा विभागून, चार दिवस. मळमळही कमी, उलट्याही कमी. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवासुद्धा आज गरोदर बाईला आल्याचे पदार्थ खाऊन बघ म्हणून सांगते. गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी विचार, असंही सांगते. कर्करोगाच्या केमोथेरपीत होणारी मळमळ घ्या. अमेरिकेत ५७६ रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये छापून आली. नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आलं दिल्यावर पहिल्या दिवसाच्या मळमळीची तीव्रता उतरली. एक ग्रॅम! चहाचा चमचा सपाट भरला तर सुंठीची पूड साधारण दोन ग्रॅम भरते, म्हणजे अर्धा चमचा. आणि बी विंगची ती सून ताज्या आल्याचा पाव गड्डा एका बैठकीत संपवते.

आमच्या आज्यांना हे कुणी खुर्चीत फिरवून शिकवलं नव्हतं. कामोठ्यात साताऱ्याची माणसं भरपूर. गणपतीला, जत्रेला, लग्नाला निघाली की कळंबोलीला गाडी धरतात. बोरघाट एकवेळ आता सुसह्य झालाय, पण पुढे खंबाटकीची वळणं आली की भल्याभल्यांचे चेहरे भेंडीच्या रंगाचे होतात. तेव्हा पुढच्या सीटवरून मागे एक हात येतो आणि हातात आलेपाकाची वडी. वडी देणारीला लॅन्सेट माहीत नसतं आणि घेणाऱ्याला बोलण्याची सोय नसते.

बाकीचे गुण? गुडघेदुखीच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर वेदना थोडी कमी होते. थोडी. पाळीच्या दुखण्यातही छोट्या चाचण्यांचे निकाल बरे आहेत. जेवण पोटातून जरा लवकर पुढे सरकतं, म्हणून जड जेवणानंतर हलकं वाटतं. आजीचं पाचक इथे पास. पण पोट उतरणं वगैरे? आमच्या सी विंगमधल्या वहिनी सहा महिने शॉट घेताहेत आणि लिफ्टमध्ये आम्ही अजूनही एकेक करूनच शिरतो. सर्दीत आल्याचा चहा घेतला की घशाला शेक मिळतो, नाक वाहतं, बरं वाटतं. सर्दी मात्र तिच्या वेळेलाच जाते. तिला आल्याचं काही पडलेलं नाही.

आणि धोक्याचं कुणी बोलतच नाही, म्हणून मीच बोलते, वाईटपणा घेऊन. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, वॉरफरिन किंवा तसलं काही, तर ग्लासभर आल्याचा रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालावं. पित्ताशयात खडे असतील तरी तेच. आमच्याकडे उलटं होतं. डॉक्टरांकडे गेल्यावर माणूस गोळ्यांची नावं सांगतो. आल्याचं नाव घेत नाही, कारण ते ‘घरचं’ ना! घरच्या माणसानं कधी कुणाचं वाईट केलंय?

तिसऱ्या मजल्यावर तर आल्यावरून घर फुटता फुटता वाचलं. नव्या सुनेनं चहा ठेवला. सासूला आवडतं म्हणून दूध कोमट असतानाच वरून कच्चं आलं किसून घातलं. दूध फाटलं. पाहुणे बाहेर बसलेले. सासू म्हणाली, हिचा हातच असा. सून म्हणाली, दूधच शिळं होतं, आणि दूध आणलेलं सासऱ्यांनी. सासरे म्हणाले, डेअरीवाला भेसळ करतो. तिघंही चूक! ताज्या आल्यात झिंगिबेन नावाचं एक विकर असतं, ते कोमट दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध साकळतं. चीनच्या दक्षिणेत तर मुद्दाम असं दूध लावून त्याचा गोड पदार्थ करतात. आलं आधी पाण्यात खळखळून उकळा, मग दूध घाला. उकळीत त्या विकराचा जीव जातो. कोपऱ्यावरचा टपरीवाला हे रोज करतो. पाणी, साखर, पावडर, बत्त्यानं ठेचलेलं आलं, उकळी, मग दूध. त्याचा चहा कधी फाटला नाही आणि त्याच्या घरात या कारणावरून भांडण झाल्याचंही ऐकिवात नाही.

आणि हे आलं एकच आहे असं समजू नका. कच्चं असताना त्यात जिंजेरॉल, तोच तो ओला तिखटपणा. वाळवून सुंठ केली की त्यातल्या काहीचं शोगॉल होतं, आणि ते आणखी तिखट. म्हणून आजी आल्याचा तुकडा द्यायची, पण सुंठीची नुसती चिमूट. रटरटून शिजवलं की झिंजेरोन तयार होतं. गोडसर, मवाळ, रश्श्यात विरघळून जाणारं. ‘आलं किंवा सुंठ, काय असेल ते घाला’ असं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आमच्या वहिनींनी ताज्या आल्याच्या मापानं सुंठ घालून एकदा शॉट केला होता. त्या दिवशी त्यांचा ‘हाऽऽ’ ए विंगच्या गच्चीवर ऐकू आला.

मधे एकदा वाटलं होतं की हे खूळ आपोआप संपेल. २०२३ च्या पावसाळ्यात आल्याचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या पार पुढे गेला. टोमॅटोही तेव्हाच पेटलेला. टपरीवाल्याचा बत्ता थंडावला, पहाटेचा मिक्सर बंद, लेडीज डब्यात पुन्हा खिडकीवरून भांडणं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आम्ही हुश्श केलं. पण भाव उतरले, आणि आमची माणसं दुप्पट भुकेनं आल्यावर तुटून पडली.

भाव उतरल्याचा आनंद कामोठ्यात झाला, साताऱ्यात नाही. आता ही गोष्ट शॉट पिणाऱ्यांना कळत नाही, कारण त्यांना आलं क्विक डिलिव्हरीच्या पिशवीत उगवतं असं वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये कोरेगावकडचं एक कुटुंब आहे. त्यांचा चुलतभाऊ आलं लावतो. ‘माहीम’ जातीचं बेणं, गादीवाफे, ठिबक, एप्रिल-मेच्या सुमाराला लागण आणि मग आठ-नऊ महिने जीव टांगणीला. जास्त पाऊस झाला आणि पाणी साचलं की कंदकुज; पानं पिवळी पडतात, आणि खणून बघावं तर खाली रबडी. भाव मनासारखा नसेल तर शेतकरी आलं जमिनीतच ठेवतो, पुढच्या वर्षी काढतो, त्याला जुनं आलं म्हणतात. तिकडे आल्याचा दर किलोवर नाही, ‘गाडी’वर चालतो, एक गाडी म्हणजे ५०० किलो. त्यात व्यापारी नव्याला एक भाव आणि जुन्याला एक भाव लावतात. हे असं निवडू नका, सरसकट घ्या, म्हणून तिथले शेतकरी भांडून दमले. आम्ही इथे तीस एमएल की पन्नास एमएल यावर भांडतोय.

गेल्या दिवाळीत तो चुलतभाऊ कामोठ्यात आला होता. वहिनींनी मोठ्या कौतुकानं शॉट पुढे केला. त्यानं वास घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, ‘हे पिताय? आणि मग जेवता काय?’ त्याला चहा केला, तर म्हणाला, आलं नको, मला पित्त होतं. आल्याच्या शेतकऱ्याला आलं चालत नाही! ही बातमी मी स्वतः दोन मजले चढून सांगितली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता.

आता ताजं. सगळ्यांना घरचं, ‘केमिकलशिवाय’ आलं हवं झालंय. ओट्यावर पडून कोंब फुटलेले तुकडे रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावून लोकांनी गच्चीवर ठेवले. आल्याला भुसभुशीत माती हवी, अर्धी सावली हवी आणि बुडाशी पाणी तुंबायला नको. आमच्या लोकांनी बादल्यांना भोकंच पाडली नाहीत. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पाडली, तर सगळं पाणी गच्चीत मुरलं आणि चौथ्या मजल्यावर काकांच्या बेडरूमच्या छताला भारताच्या नकाशाएवढा ओला डाग आला. तेच काका, काढेवाले. आल्यानं त्यांना एका जन्मात दोनदा गाठलं.

सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, बादल्या उचला. बी विंग म्हणाली, आरोग्याचा प्रश्न आहे. गुरुजींनी हात वर केला आणि नम्रपणे आठवण करून दिली की शरद ऋतू चालू झाला आहे, तेव्हा शास्त्रानुसार पुढचे दोन महिने या बादल्यांची कुणाला गरज नाही. त्यांना कुणी टाळ्या दिल्या नाहीत, पण काकांनी उठून हात मिळवला. शेवटी खजिनदारांनी तोडगा काढला: बादल्या राहू द्या, खाली ट्रे ठेवा, ट्रेचा खर्च सोसायटी करेल. मग हा खर्च ‘उद्यान’ या खात्यात घालायचा की ‘वैद्यकीय’ यावर पाऊण तास चर्चा झाली. वैद्यकीय म्हटलं तर डॉक्टरांचं पत्र लागेल, असं ऑडिटरचं मत पडलं. उद्यान म्हटलं तर कमिटीनं दाखवायचं उद्यान कुठाय? वहिनी म्हणाल्या, ‘किरकोळ’मध्ये घाला. यावर बी विंगचे सासरे ताडकन उभे राहिले. आल्याला किरकोळ म्हणता? सभा तहकूब झाली आहे. पुढची तारीख नोटीस बोर्डवर लागेल.